पिठाच्या डब्यातलं ट्रम्पेट

शर्लीला तो फ्रॉक सापडला उशांच्या खोळींमागे. गुलाबी, छातीवर सशाचं चित्र, पाच-सहा महिन्यांच्या बाळाला होईल एवढा. दुकानाचं लेबलही काढलेलं नव्हतं. ती आली होती लग्नाच्या पाहुण्यांसाठी जादा उशा मोजायला, पण उशा राहिल्या बाजूला. जावेच्या कपाटात लपवलेला बाळाचा फ्रॉक, आणि एकुलत्या एका पुतणीचं लग्न जानेवारीत! शर्लीनं बोटांवर महिने सुलटे मोजले, उलटे मोजले आणि ती तरातरा स्वयंपाकघरात आली.

“एमी, खरं सांग. कितवा महिना?”

एमिलिया बोंबील साफ करत होती. “ऑक्टोबर.”

“मना बनवू नको गो. सेलिनाला कितवा?” आणि तिनं फ्रॉक एमिलियाच्या नाकासमोर धरला.

एमिलियानं फ्रॉककडे पाहिलं, शर्लीकडे पाहिलं आणि ती जी हसत सुटली ती थांबेचना. बोंबलाच्या हातांनीच तिनं पोट धरलं. मग हसता हसता मध्येच कुठेतरी हसणं संपलं आणि रडणं सुरू झालं, तेव्हा शर्लीची खात्रीच पटली की पोरीनं घात केला.

पोरीनं काहीच केलं नव्हतं. सेलिना बिचारी त्या वेळी पवईच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून जांभया देत होती आणि आपल्याला घरी कोणी आई करून ठेवलंय याचा तिला पत्ताही नव्हता. फ्रॉक एमिलियानंच घेतला होता, आणि त्याला कारण होतं बँड.

मरोळच्या गावठाणात बँड काही नवलाचा नाही. लग्न असो, वाढदिवस असो, नाहीतर कोणाच्या तरी सोसायटीचा गणपती असो, रस्त्यावर बँड हा येणारच. गेली दोन वर्षं मात्र लांबून ट्रम्पेटचा सूर कानावर पडला की एमिलियाच्या हातापायांतलं बळ जायचं. छातीत धडधड, घशात कोरड, बोटांना मुंग्या, आणि आपण आता या रस्त्यावरच मरणार याची पक्की खात्री. मग ती दिसेल त्या दुकानात शिरायची. दुकानात शिरलं की दुकानदार विचारतो, काय पाहिजे? आणि एमिलियाला ‘काही नाही’ म्हणायची लाज वाटायची. त्यामुळे घरात कुठल्याच फोनला न बसणारी कव्हरं होती, डास मारायच्या रॅकेटी होत्या, एक क्रिकेटचं हेल्मेट होतं आणि आता हा फ्रॉक. बँडवाल्यांची गाठ जर सराफाच्या दुकानापाशी पडली असती तर ती भिकेलाच लागली असती.

हे सगळं शर्लीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. इतकी जवळची जाऊ, भिंतीला भिंत लागून घर, आणि तिला पत्ता नाही. कारण एमिलियानं ते कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि एमिलिया काही लपवत असेल असं गावठाणात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

ही बाई म्हणजे आवाज. विमानतळाजवळच्या एका मोठ्या किचनमध्ये ती प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायचं काम करते. काटा, चमचा, मीठ, मिरी, रुमाल. तिथे ती इतकी गायची की सुपरवायझरनं तिला एकदा टेबलाच्या पार टोकाला नेऊन बसवलं. परिणाम एवढाच झाला की ते टोकही गायला लागलं. गावठाणात तर लग्नाची गाणी म्हणजे एमिलिया. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. उंबर रस्ता रुंद करताना केव्हाच गेला, विहिरीवर लोखंडी जाळी आली, पण पाण्याचं नाव तेच राहिलं. या पाण्याला पुढं एमिलिया असायची. ती एक ओळ टाकणार आणि मागच्या बायका तीच ओळ उचलणार. ओळी काही पाठ केलेल्या नसायच्या. नवरदेवाच्या नाकावर, करवल्यांच्या पावडरवर, कोणाच्या टकलावर, समोर दिसेल त्यावर ती जागच्या जागी रचायची आणि ज्याच्यावर रचली तो वर्षभर मिरवायचा.

आणि तिच्या बाजूनं चालायचं डेल्रॉयचं ट्रम्पेट. डेल्रॉय तिचा नवरा, वर्कशॉपमध्ये फिटर, आणि सुट्टीच्या दिवशी गावठाणाच्या बँडचा जीव. वाजवताना डोळे फिरवायचा, लंगडल्यासारखं करायचा, पोरांच्या मागे धावायचा. दोन वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नात, पाण्याला जाताना, तो वाजवता वाजवता गुडघ्यांवर बसला. सगळे हसले. एमिलियाही हसली. नेहमीचा तमाशा, असं समजून तिनं गाण्याचं अख्खं कडवं पुरं केलं. तो उठला नाही.

त्या दिवसानंतर तिनं एक ओळ गायली नाही. लोक म्हणाले, दुःख आहे, राहू दे. दुःख होतंच. पण या दुःखाच्या पोटात ते कडवं होतं, आणि त्याबद्दल कोणाशी बोलायचं, ते तिला माहीत नव्हतं.

शर्लीच्या जिभेला हाड नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सेलिनाला कळली, फ्रॉकसकट. सेलिना आधी बाळाच्या आरोपावरून शर्लीआन्टीवर भडकली, मग आईच्या गळ्यात पडली आणि मग म्हणाली, “मम्मी, सिंपल आहे. माझ्या लग्नात बँड नको. डीजे लावू. नाहीतर काहीच नको.”

“पाण्याला बँड नाही?” एमिलिया उभीच राहिली. “डेल्रॉयच्या पोरीच्या पाण्याला? लोक काय मोबाईलवर गाणी लावून बावीवर जाणार?” गावठाणात विहिरीला बाव म्हणतात.

“मग तू घरी बस.”

“मी घरी बसू? तुझ्या पाण्याला?”

“मग काय करू मी? तूच बोल ना!” सेलिनाच्या डोळ्यांत पाणी आलं. “डॅडी तसे गेले. आता तुला पण तिथं पडलेलं बघू?”

एमिलियानं तिचे डोळे पुसले. दुसऱ्याच आठवड्यात सेलिनानं चकाल्याच्या एका समुपदेशकाची वेळ घेतली. शर्लीनं कपाळावर हात मारला, “वेड्यांची डॉक्टर!” शर्लीचा नवरा मार्कस, म्हणजे डेल्रॉयचा थोरला भाऊ, जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. त्याला कळलं की तिथे ‘ग्राउंडिंग’ नावाचं काहीतरी शिकवतात. तो म्हणाला, “बरोबर आहे. आपण त्याला अर्थिंग बोलतो. आपल्या एमीला कोणी बसवलंच नाय इतके दिवस.”

समुपदेशक म्हणजे ऋतिका सावंत. वयानं सेलिनाएवढी, कपाळावर बारीक टिकली, मूळची मालवणकडची. एमिलिया आत गेली ती हातात पर्स ढालीसारखी धरून.

“आन्टी, सांगा.”

“काय सांगू? मी वेडी नाय.”

“नाहीच. तुमच्या अंगात एक अलार्म आहे. तो बिघडलेला नाही, फक्त फार हळवा झालाय.”

एमिलियानं विचार केला. “आमच्या किचनमध्ये तसा आहे. टोस्ट करपला तरी फायर ब्रिगेडला बोलावतो.”

“अगदी तोच,” ऋतिका म्हणाली, आणि एमिलियाला ही पोरगी आवडली.

ऋतिकानं मग अर्थिंग शिकवलं. अलार्म वाजायला लागला की पळायचं नाही. पाय जमिनीवर दाबून उभं राहायचं आणि समोर जे खरंखुरं आहे त्याची नावं घ्यायची. डोळ्यांना दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, कानाला ऐकू येणाऱ्या तीन, नाकाला दोन, जिभेला एक. घाबरलेलं मन दोन वर्षं मागं धावतं, त्याला हाताला धरून आजच्या दिवसात आणायचं. “हे मनातल्या मनात म्हणायचं, आन्टी.”

“मनातल्या मनात?” एमिलिया म्हणाली. “पोरी, मी प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात करत नाय.”

सगळं असं हसतखेळत झालं असतं तर गोष्ट सोपी होती. तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते कडवं बाहेर आलं. “तो खाली होता आणि मी गात होते. अख्खं कडवं. बायको आहे का मी कोण?” ऋतिकानं तिला रडू दिलं. पाण्याचा ग्लास पुढं केला नाही, गप्प राहा म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “म्हणजे त्यांच्या कानात शेवटपर्यंत काय होतं?”

एमिलिया ताडकन उठली. असले प्रश्न विचारायचे पैसे घेते ही पोरगी! रामराम न करता, रिक्षा न करता ती चकाल्यापासून मरोळपर्यंत उन्हातून चालत आली. पुढच्या आठवड्यात गेली नाही. सेलिनाशी बोलली नाही, शर्लीशी भांडली, ट्रे भरताना दोन काटे आणि शून्य चमचे असे ट्रे पाठवून कुठल्यातरी विमानातल्या लोकांना सूप प्यायला लावलं काट्यानं. आणि आठवडाभर ती स्वतःशी तोच प्रश्न घोळवत राहिली. त्याच्या कानात काय होतं? माझा आवाज होता. तो वाजवत खाली बसला आणि मी गात होते. मग एका दुपारी ती पुन्हा चकाल्याला गेली, सोबत डबाभर तळलेले बोंबील घेऊन, आणि म्हणाली, “बोल, पुढचं काय?”

पुढचं होतं ट्रम्पेट. थोडं थोडं, लांबून, आपल्या हातात बटण ठेवून ऐकायचं. घाबरगुंडी चढते तशी उतरतेही, हे अंगाला कळेपर्यंत. सेलिनानं नेटवरून कुठल्यातरी परदेशी बँडचं वाजवणं फोनवर घेतलं. आवाज अगदी बारीक केला तरी एमिलिया दाराबाहेर पळाली. तेव्हा तिनं आपली युक्ती काढली. फोन पिशवीत बांधून पिठाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. डब्यातून अर्धमेल्या माशीसारखा आवाज यायला लागला. एमिलिया समोर खुर्ची टाकून, पाय जमिनीवर दाबून बसली आणि मोठ्यांदा म्हणाली, “गॅसची शेगडी. लाल बादली. शर्लीनं परत न केलेलं… नाय, ते दिसत नाय.”

मग रोजचंच झालं. डबा बंद, मग झाकण तिरकं, मग झाकण उघडं. मग फोन ओट्यावर. मार्कस विचारायचा, “आज बँड कुठवर आला?” आणि एमिलिया सांगायची, “खिडकीत.” एकदा ती सपशेल हरली, फोन बादलीत बुडवला आणि नवा घेतला. जुनी कव्हरं त्यालाही बसली नाहीत. पण डिसेंबर उजाडला तेव्हा ती ट्रम्पेट ऐकत चपात्या लाटत होती. फक्त एक गोष्ट तिनं केली नाही. गावठाणाची स्वतःची पाण्याची चाल आहे, डेल्रॉयची चाल, ती तिनं डब्यात घातली नाही. ऋतिकानं दोनदा सुचवलं. “ती चाल डब्यात नाय,” एवढंच ती म्हणाली, आणि पुढे काही ऐकेना.

म्हणून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नक्की काय होईल हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सेलिनानं अट घातली होती, मम्मीचा चेहरा जरा जरी बदलला तर बँड बंद. घरात बायका लुगडी नेसत होत्या, मागच्या दारी मैद्याचे फुगे तळून टोपल्या भरत होत्या. ऋतिकालाही बोलावणं होतं. तिला शर्लीनं धरूनच लुगडं नेसवलं आणि वर म्हटलं, “डॉक्टर असशील तुझ्या घरी. पदर नीट घे.”

विहिरीपर्यंत नुसते ढोल वाजले. तेवढं सेलिनानं मान्य केलं होतं. मार्कसनं जाळीचं कुलूप काढलं, तांब्याचा हंडा आत सोडला. आणि आता चाल वाजायला हवी होती, कारण चाल वाजल्याशिवाय हंडा वर काढत नाहीत. ट्रम्पेटवर जेफ्री होता. विमानतळावर सामान चढवतो, तिशीचा आहे, सगळं वाजवणं डेल्रॉयकडे शिकलेला. त्यानं ट्रम्पेट ओठांना लावलं, पहिला सूर काढला आणि एमिलियाकडे पाहून थांबला.

तिचा चेहरा पांढरा पडला होता. दोन्ही हातांनी तिनं विहिरीचा कठडा धरला होता. ढोल थांबले. फोनवर शूटिंग करणारे हात खाली आले. सेलिना पुढं सरसावली, तिला ऋतिकानं दंडाला धरून मागं ओढलं, “थांब गे, जरा बघ.”

एमिलियाच्या कानात तोच सूर, तोच रस्ता, गुडघ्यांवर बसलेला तोच माणूस. तिनं पाय जमिनीवर दाबले. समोर जे होतं ते पाहिलं. समोर मार्कस होता. आणि तिला मनातल्या मनात काही म्हणता येत नव्हतं, आणि त्या जागेवर उभं राहून तिला साधं बोलताही कधी आलं नव्हतं. तिथे ती फक्त गायलेली होती. आवाज फाटका निघाला, पण चालीतच निघाला.

“काय गो पायलं, काय गो पायलं, बावीच्या काठाला? मार्कसचा पट्टा, मार्कसचा पट्टा, गुडघ्याशी गेला!”

क्षणभर कोणाला कळेना. मग मागच्या बायकांनी जन्माच्या सवयीनं ओळ उचलली. नवीन गाणं आहे, एमी परत गायली, एवढंच त्यांना समजलं. “मार्कसचा पट्टा, मार्कसचा पट्टा!” मार्कसनं घाईघाईनं पँट वर ओढली. हशा झाला. पुढची वस्तू शर्ली होती आणि शर्लीच्या अंबाड्यातलं फूल उलटं होतं. तिसरी वस्तू ऋतिका, लुगड्यात पाय अडकून जिचं एका जागी झाड झालं होतं. बायका एकेक ओळ उचलत होत्या, आणि एमिलियाचा उपचार सगळं गावठाण कोरसमध्ये म्हणत होतं. ऋतिकाला ते कळलं. ती हसत होती आणि नाक पुसत होती.

हाताला लागलं ते गायली. खरबरीत कठडा, थंड जाळी, सेलिनाचा घामेजलेला तळवा, लुगड्याची टोचणारी जर. मग कानाची पाळी आली. एक आवाज पोरींच्या खिदळण्याचा. दुसरा ढोलाचा, कारण ढोलवाल्याच्यानं राहवलं नव्हतं आणि त्यानं मघाशीच ठेका धरला होता. तिसरा आवाज काही सापडेना. एमिलियानं कान दिला. गर्दीत दुसरं काही नव्हतं. तिनं मान वळवून जेफ्रीकडे पाहिलं.

“तिसरा आवाज, तिसरा आवाज, कुठं रे गेला? फुगा खाऊन, फुगा खाऊन, जेफ्री निजला!”

जेफ्रीनं आधी सेलिनाकडे पाहिलं. सेलिनानं डोळे मिटले आणि मान डोलावली. आणि चाल सुरू झाली.

ती तशीच आली, उघडी, झाकण नसलेली. एमिलियाची छाती धडधडलीच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. पण ती उभी होती. हंडा वर आला, तिनं तो शर्लीच्या डोक्यावर ठेवू दिला नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि मिरवणूक घराकडे वळली.

या चालीत एक चढ आहे. तिथे सूर वर जाऊन थांबायला हवा. डेल्रॉय तिथे हमखास घसरायचा. लग्न झाल्यापासून तो शेवटपर्यंत, दरवेळी, त्याच जागी. एमिलियानं त्यावरून त्याला घरी ऐकवलं होतं, चर्चच्या पायऱ्यांवर ऐकवलं होतं, सासूच्या मयतावरून येतानासुद्धा ऐकवलं होतं. जेफ्री त्या चढावर आला आणि तसाच, अगदी तसाच घसरला.

“थांबा!” एमिलिया ओरडली. सगळा बँड जागच्या जागी गोठला. सेलिना धावतच पुढं आली.

“जेफ्री, इथं चुकलास.”

“हां आन्टी.”

“तुना असं कोणी शिकवलं?”

“अंकलनी.” जेफ्री जरा कसनुसा झाला. “मना बरोबर पण येते. पण अंकल बोलायचे, पाण्याला इथं चुकायचंच. एमीला राग येतो आणि मग ती अजून वरच्या पट्टीत गाते. तिचा खरा आवाज तोच, बोलायचे.”

डोक्यावर भरला हंडा घेऊन एमिलिया रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. इतकी वर्षं! मुद्दाम! शर्लीनं तिला सावरायला हात पुढं केला, पण एमिलियाचे खांदे हसण्यानं हलत होते आणि हंड्यातलं पाणी तिच्या तोंडावर, लुगड्यावर उडत होतं.

“डेल्रॉय, मेल्या!” ती आभाळाकडे बघून म्हणाली. मग जेफ्रीला म्हणाली, “परत वाजव. तसंच वाजव.”

जेफ्रीनं वाजवलं, चढावर आला, घसरला, आणि एमिलियानं अजून वरच्या पट्टीत गाणं उचललं.